गाडी ओढत नाही! : एका जुन्या डिझेल यूटचे निदान

गेल्या जुलैतल्या एका रविवारी सकाळी मी वेस्टमीडच्या आमच्या घराच्या ओट्यावर उन्हाला पाठ देऊन चहा घेत बसलो होतो. तेवढ्यात फाटकापाशी एक जुनी यूट येऊन थांबली. आपल्याकडे जिला पिकअप म्हणतात, तिला या देशात यूट म्हणतात. पुढे दोघा-तिघांची केबिन, मागे उघडा हौदा. १९९४ सालची हायलक्स, डिझेलची, पावणेचार लाख किलोमीटर धावलेली. चालवणारा आमच्या मंडळातलाच एक तरुण. तीन वर्षांपूर्वी सांगलीकडून इथे आला आहे आणि बागा तयार करून देण्याचा धंदा करतो. माती, दगड, हिरवळीच्या गुंडाळ्या, सगळे त्या हौद्यात. म्हणजे त्याचे पोटच त्या गाडीवर.

"काका, इंजिन गेलं म्हणतात," तो उतरता उतरता म्हणाला. "तुम्ही एस.टी.त होतात ना? एकदा बघता का?"

हकीकत अशी. स्प्रिंगवूडला त्याला तीन आठवड्यांचे काम मिळाले होते. वेस्टमीडहून एम-फोर धरून निघाले की नेपियन नदी ओलांडेपर्यंत रस्ता सपाट आहे. पुढे लॅपस्टोनचा चढ लागतो आणि ब्लू माउंटन्स सुरू होतात. सपाटीवर गाडी ठीक चाले. चढावर अर्धा टन माल घेऊन निघाली की ९० वरून ७०, ७० वरून ५०, आणि मागे मोठमोठे ट्रक भोंगे वाजवीत. एकदा तर बायको-मुलगी बरोबर असताना एक ट्रक अगदी मागच्या फळीला टेकेल इतका जवळ आला. त्याने गाडी एका गॅरेजला दाखवली. त्यांनी एअर फिल्टर बदलला, डिझेलचा फिल्टर बदलला, नोझल साफ करून बसवले आणि बिल लावले. गाडी होती तशीच. मग सांगितले की इंजिन झिजले आहे, दुसरे बसवा. त्याचा खर्च गाडी घेतली होती त्याहून जास्त निघत होता.

मी काही मोटारीचा तज्ज्ञ नव्हे. तरुणपणी साताऱ्याला एस.टी.च्या कार्यशाळेत शिकाऊ म्हणून दोन वर्षे काढली, तेवढीच पुंजी. पुढे नोकरी वेगळीच केली. पण त्या कार्यशाळेतल्या मिस्त्रींनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती : हातात पाना घेण्याआधी गाडीला प्रश्न विचारायचे. खंबाटकीच्या घाटात बस ओढत नाही अशी तक्रार घेऊन ड्रायव्हर आला की मिस्त्री बॉनेट उघडत नसत. आधी ड्रायव्हरला बाकावर बसवत आणि पाच-दहा मिनिटे नुसते विचारत. त्या रविवारी मीही तेच केले. आपल्यापैकी अनेकांकडे जुन्या डिझेल गाड्या आहेत, किंवा मुलांनी हौसेने घेतल्या आहेत. म्हणून त्या दिवशी काय केले आणि का केले, ते सविस्तर लिहितो.

इंजिनाला लागते तरी काय?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनात नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याची कल्पना अशी की हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापेल आणि त्या तापलेल्या हवेत इंधन फवारले की ते स्वतःच पेट घेईल. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाची रीतसर चाचणी झाली. इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के कामी आली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा हे कितीतरी अधिक होते. या हायलक्समधले २.८ लिटरचे इंजिन त्याच घराण्यातले. सिलिंडरमधली हवा ते सुमारे २२ पटींनी दाबते, आणि तेवढ्या दाबाने हवेचे तापमान ५०० अंशांच्या वर जाते.

यावरून तीन गरजा निघतात. भरपूर हवा, पुरेसे डिझेल आणि पक्का दाब. चौथी गोष्ट वेळेची. डिझेल नेमक्या क्षणी फवारले गेले पाहिजे. शक्ती कमी झाली म्हणजे या चौघांपैकी कोणीतरी रजेवर आहे. आता हवा आणि डिझेल यांतले दोष बहुधा स्वस्तात निघतात, दाबाचे दोष महाग असतात. मग तपास कुठून सुरू करावा हे वेगळे सांगायला नको. तरीही माणसे महागाकडून सुरुवात करतात, कारण "इंजिन गेले" हे वाक्य बोलायला सोपे आहे आणि ते खोडून काढायला वेळ लागतो.

आधी इंजिन निर्दोष धरा

गाडी ओढत नाही म्हणजे इंजिन ओढत नाही, असे प्रत्येक वेळी नसते. म्हणून पहिली तपासणी इंजिनाबाहेरची.

ब्रेक धरून बसला आहे का? दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून, शेवटी ब्रेक कमीत कमी लावून थांबवा आणि चारही चाकांच्या तुंब्याजवळ हात न्या. हात टेकवू नका, चटका बसेल. एखादे चाक इतरांपेक्षा फार गरम लागले तर ब्रेक सुटत नाही असे समजावे. क्लच घसरतो आहे का? चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, हे त्याचे लक्षण. टायरमध्ये हवा पुरेशी आहे का, आणि नेहमीपेक्षा मोठे टायर कोणी बसवले आहेत का? मोठा टायर म्हणजे प्रत्येक गिअर आपोआप थोडा उंच होतो, आणि चढावर ते जाणवते.

उंचीचाही विचार करावा लागतो. टर्बो नसलेले इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के शक्ती गमावते, कारण वरची हवा विरळ असते. कटूंबा हजार मीटरच्या थोडे वर आहे, महाबळेश्वर त्याहूनही उंच. तेव्हा कटूंब्याला गाडी थोडी मंद झाली तर तो दोष नव्हे. पण लॅपस्टोन हा तर पायथ्याचाच चढ आहे. तिथे उंचीची सबब चालत नाही.

त्याच्या गाडीचे ब्रेक, क्लच आणि टायर ठीक निघाले. मग आमची प्रश्नोत्तरे सुरू झाली.

"हे एकदम झालं की हळूहळू?"

"हळूहळू, काका. उन्हाळ्यापासून वाढत गेलं."

"सकाळी स्टार्ट कशी होते?"

"बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. एकदा चालू झाली की मग दिवसभर लगेच होते."

"टाकी भरलेली असली की काही फरक?"

तो जरा थांबला. "आता तुम्ही विचारलंत म्हणून… हो, भरलेली असली की जरा बरी चालते. मला वाटायचं, मनाचे खेळ."

हे ऐकल्यावर माझे कान टवकारले. पण मिस्त्रींचा दुसरा नियमही आठवला : पहिल्या संशयावर गुन्हेगार पकडायचा नाही.

धूर काय सांगतो?

डिझेल इंजिनाचा धूर ही त्याची नाडी आहे. त्या दुपारी हौद्यात वाळूची पोती भरून आम्ही लॅपस्टोनला गेलो. तो पुढे यूटमध्ये, मी मागे माझ्या गाडीत. चालवणाऱ्याला स्वतःचा धूर नीट दिसत नाही, म्हणून मागे कोणीतरी असावेच. धुराचा ढोबळ अर्थ असा :

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर तुंबला असेल, नोझल नीट फवारा न करता गळत असेल, किंवा पंप गरजेपेक्षा जास्त डिझेल देत असेल.

पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे. थंडीत पहिली दोन मिनिटे तो थोडा दिसला तर चालते. इंजिन तापल्यावरही राहिला तर दाब कमी आहे किंवा फवारणी उशिरा होते आहे. त्याला गोडसर वास असेल आणि रेडिएटरमधले पाणी घटत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरते आहे. तेव्हा गाडी पुढे चालवू नये.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजली असण्याची शक्यता.

आणि चौथा प्रकार, जो लोक विसरतात : गाडी ओढत नाही आणि धूरही नाही. जळायला डिझेलच कमी पोचत असेल तर धूर येणार कुठून? हवा तर पुरून उरते. अशा वेळी संशयाची सुई इंधनाकडे वळते. इंजिन म्हातारे झालेले नसते, ते उपाशी असते.

चढाच्या मध्यावर त्याची यूट ५५ वर आली. पाय पूर्ण दाबलेला होता, आणि सायलेन्सरमधून धुराची रेघसुद्धा नव्हती. इंजिन खरेच झिजलेले असते तर निळा किंवा पांढरा धूर काहीतरी बोलला असता. तिथेच मला वाटले, या मुलाला नवे इंजिन लागणार नाही. पण वाटणे निराळे आणि सिद्ध करणे निराळे.

जाता जाता, न्यू साउथ वेल्समध्ये गाडीचा धूर सलग दहा सेकंदांहून अधिक दिसत राहिला तर दंड होऊ शकतो. तेव्हा धुराकडे लक्ष ठेवणे खिशाच्याही हिताचे आहे.

पाय दाबला, पण पोचला का?

सर्वात स्वस्त तपासणी दोन माणसांची आणि एका मिनिटाची आहे. इंजिन बंद ठेवून एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, दुसऱ्याने बॉनेटखाली पंपावरची कांडी शेवटच्या स्क्रूला टेकते का ते पाहायचे. जुनी केबल ताणून लांबलेली असते. कधी पायाखालची जाड रबरी चटईच आड येते. आमच्या तपासणीत कांडी आणि स्क्रू यांत बोटभर अंतर राहिले. म्हणजे हा मुलगा कितीही पाय दाबो, गाडीला पूर्ण हुकूम मिळतच नव्हता. केबलचा ढिलेपणा काढला. पुन्हा लॅपस्टोनला गेलो. ५५ चे ६२ झाले.

इथे एक धोका असतो. थोडी सुधारणा झाली की माणूस खूश होऊन थांबतो. जुन्या गाडीत एकाच वेळी दोन दोष असणे अगदी नेहमीचे. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्याच रस्त्यावर, तेवढाच माल घेऊन, पुन्हा पाहावे. आकडे वहीत लिहावेत. गॅरेजने तीन गोष्टी एकदम केल्या होत्या. त्यांपैकी कशाने काय झाले हे कोणालाच कळले नाही.

आणखी एक सूचना. पंपावरचा जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा स्क्रू कारखान्यातून मोहोर लावून येतो. तो फिरवून शक्ती वाढवण्याचा मोह टाळावा. धूर वाढतो, इंजिन तापते आणि मूळ दोष तसाच राहतो.

हवेचा हिशेब

एक लिटर डिझेल नीट जळायला सुमारे १० हजार लिटर हवा लागते. २.८ लिटरचे इंजिन मिनिटाला ४ हजार फेऱ्या करते तेव्हा पाच हजार लिटरहून अधिक हवा ओढते. एवढी हवा एका कागदी फिल्टरमधून जाते. ज्याचा धंदाच मातीचा, त्याचा फिल्टर वर्षाच्या आत तुंबला तर नवल नाही. फिल्टर काढून आतून विजेरी लावावी. उजेड सर्वत्र सारखा दिसला पाहिजे. हवा येण्याच्या नळीत पाने अडकली आहेत का, उंदराने घर केले आहे का, हेही पाहावे. फिल्टर काढून टाकून गाडी पळवून बघणे मात्र नको. आत गेलेली बारीक धूळ सिलिंडर घासते, आणि मग खरेच नवे इंजिन घ्यावे लागते.

सायलेन्सरची नळी दगडाने चेपली असेल तरीही इंजिन गुदमरते. श्वास घ्यायलाच नव्हे, सोडायलाही जागा लागते. आमच्या गाडीत फिल्टर नवा होता, नळी धड होती आणि काळा धूर तर नव्हताच. हवा निर्दोष सुटली.

डिझेलचा रस्ता

आता मुख्य मुद्दा. गावाकडे विहिरीवर डिझेल इंजिन असलेल्या घरात जे वाढले त्यांना "एअर धरला" हा शब्दप्रयोग माहीत असेल. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली स्थापन झाली आणि तसली इंजिने महाराष्ट्राच्या शेतांत सर्वदूर पोचली. डिझेलची टाकी एकदा रिकामी झाली की नळीत हवा शिरे. मग स्क्रू ढिला करून, बुडबुडे संपून निखळ डिझेल येईपर्यंत हवा काढत बसावे लागे. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबले जात नाही. पंपात बुडबुडा आला की पंप त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो आणि नोझलपर्यंत पुरेसे डिझेल पोचत नाही. एवढे साधे तत्त्व आहे.

एस.टी.च्या त्या काळच्या बसगाड्यांत इंजिनाजवळ एक छोटा पंप असे आणि तो डिझेल पुढे ढकलत असे. या हायलक्समध्ये तसा वेगळा पंप नाही. बॉशच्या व्हीई पद्धतीचा फिरता पंप आहे. तोच टाकीतून डिझेल शोषून घेतो आणि तोच चारही नोझलांना वाटतो. मधला सगळा रस्ता, म्हणजे टाकीतली जाळी, गाडीखालची लोखंडी नळी, रबराचे जोड, फिल्टर आणि फिल्टरवरचा हातपंप, हा शोषणाखाली असतो. उसाच्या रसाच्या नळीला चीर असली तर रस बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते. तसेच इथे. त्यामुळे गळती डोळ्यांना दिसतच नाही. खाली डिझेलचा थेंब नाही म्हणजे नळ्या ठीक आहेत, हा समज इथे फसवतो.

आता त्या तरुणाची तीन उत्तरे आठवा. सकाळी चालू व्हायला वेळ लागतो, कारण रात्रभरात चिरेतून हवा शिरते आणि नळीतले डिझेल टाकीकडे परत उतरते. टाकी भरलेली असली की बरी चालते, कारण डिझेलची पातळी उंच असते आणि शोषण कमी लागते. चढावरच दमते, कारण नुसते उभे राहून चालणारे इंजिन तासाला लिटरभरही डिझेल पीत नाही, तर चढावर पूर्ण भार आला की तेच तासाला वीसेक लिटरच्या वेगाने मागते. अरुंद किंवा फुटका रस्ता थोड्या मागणीला पुरतो, मोठ्या मागणीला पुरत नाही. म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीत काहीच दिसत नाही.

हवेखेरीज दुसरे शत्रू म्हणजे पाणी आणि शेवाळासारखा गाळ. अर्धी रिकामी टाकी थंडीत घाम धरते, पाणी तळाशी बसते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजंतू वाढून काळपट लगदा तयार होतो. तो जाळीत आणि फिल्टरमध्ये अडकतो. फिल्टरच्या तळाला पाणी सोडण्याचा स्क्रू असतो. तो अधूनमधून ढिला करून भांड्यात काय येते ते पाहावे. बर्फ बघायला स्नोई माउंटन्सकडे जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. कडक थंडीत साध्या डिझेलमधले मेण गोठून फिल्टर बंद होतो. म्हणून कूमा-जिंडाबाइनकडे मिळणारे अल्पाइन डिझेल वर जाण्याआधीच टाकीत भरावे.

डब्याची परीक्षा

पुढच्या शनिवारी आम्ही दोन परीक्षा घेतल्या. पहिली पारदर्शक नळीची. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक, डिझेलला चालणारी नळी जोडली आणि इंजिन चालू केले. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले तर चालतात. आमच्या नळीत त्यांची माळच लागली आणि इंजिनाच्या फेऱ्या वाढवल्या तशी ती दाट झाली. त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा होता. तीन महिने जे कोणाला सापडत नव्हते ते एका नळीत डोळ्यांसमोर चालले होते.

पण हवा शिरते कुठून? त्यासाठी दुसरी परीक्षा. पाच लिटरच्या स्वच्छ डब्यात नवे डिझेल घेतले. तो डबा बॉनेटखाली, सायलेन्सरच्या नळीपासून लांब, घट्ट बांधला. टाकीकडून येणारी नळी फिल्टरपासून काढून तिथे डब्याची नळी जोडली. पंपातून परत जाणारी नळीही डब्यातच सोडली. म्हणजे टाकी आणि गाडीखालचा सगळा रस्ता वगळला गेला. हातपंपाने हवा काढली, गाडी चालू केली. बुडबुडे बंद झाले. म्हणजे फिल्टर आणि हातपंप निर्दोष ठरले. ते चालूच राहिले असते तर डबा थेट पंपाला जोडून पाहिले असते, आणि तेव्हा हातपंपाच्या जुन्या पडद्यावर संशय आला असता. हातपंपाचा पडदा फाटणे जुन्या गाड्यांत फार आढळते.

मग तीच वाळूची पोती, तोच लॅपस्टोनचा चढ. यूट ८० खाली उतरली नाही.

वर पोचल्यावर तो गाडीतून उतरला आणि काही न बोलता बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मीही काही बोललो नाही. त्या एका फेरीने इंजिन, पंप, नोझल, दाब आणि वेळ या सगळ्यांना एकदम निर्दोष सोडले होते. ज्या इंजिनाला भंगारात काढायचे ठरले होते, ते डब्यातले डिझेल मिळताच तीस वर्षांपूर्वीसारखे चढले होते.

दोष सापडायला मग अर्धा तास लागला. हौद्याखाली, टाकीच्या तोंडाशी, लोखंडी नळीला जोडणारा बोटभर लांबीचा रबरी तुकडा. वरून धडधाकट दिसे, पण वाकवला की पट्टीखाली बारीक चीर उघडत होती. आम्ही टाकीपासून पंपापर्यंतचे सगळे रबरी तुकडे आणि पट्ट्या बदलल्या. टाकीतली जाळी काढून पाहिली, तिच्यावर थोडा गाळ होता, तोही धुतला. सामानाचा एकूण खर्च चाळीस डॉलरच्या आत.

इंजिन खरेच थकले असेल तर

प्रत्येक गोष्टीचा शेवट असा गोड होत नाही, हेही सांगितले पाहिजे. डब्यातले डिझेल देऊनही गाडी ओढत नसेल, तर पुढच्या पायऱ्या जाणकाराकडून करून घ्याव्यात. नोझलची तपासणी यंत्रावर होते. फवारा धुक्यासारखा हवा, धारेसारखा नको. टायमिंग बेल्ट एखादा दात सरकला असेल तर व्हॉल्व्हची आणि फवारणीची वेळ चुकते. बेल्ट अलीकडेच बदलला असेल आणि तेव्हापासूनच शक्ती गेली असेल, तर आधी तिकडे पाहावे. शेवटी दाबाची तपासणी. ग्लो प्लग काढून त्या जागी मापक लावतात. या जातीच्या नव्या इंजिनात दर चौरस सेंटिमीटरला तीसेक किलो दाब मिळतो. २० च्या खाली गेला, किंवा एका सिलिंडरमध्ये इतरांपेक्षा फारच कमी निघाला, तर इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही. पण "इंजिन गेले" असे कोणी म्हटले की शांतपणे एवढेच विचारावे : चारही सिलिंडरांचे दाबाचे आकडे काय आले? आकडे नसतील तर ते निदान नव्हे, अंदाज आहे. त्या तरुणाला हा प्रश्न विचारायचा असतो हेच माहीत नव्हते. नव्या देशात, तोडक्या इंग्रजीत, समोरचा माणूस ठामपणे बोलला की आपण गप्प बसतो.

जुन्या पंपांबद्दल आणखी एक. डिझेलमधले गंधक टप्प्याटप्प्याने कमी होत गेले. ऑस्ट्रेलियात २००२ च्या अखेरीस दशलक्षात ५०० भाग, २००६ पासून ५० आणि २००९ पासून फक्त १०. हवेच्या दृष्टीने हे फार चांगले झाले. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलची घडण थोडी बदलते, आणि जुन्या मिश्रणात फुगून बसलेली रबरी सीले त्यामुळे आकसू शकतात. अमेरिकेत १९९३ साली गंधक कमी केले तेव्हा जुन्या पंपांतून डिझेल पाझरू लागल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तेव्हा नव्वदच्या दशकातल्या गाडीचा पंप ओला दिसला तर घाबरू नये. नव्या जातीच्या रबराची सीले मिळतात.

सावधगिरी

नोझलच्या नळ्यांत शंभर वातावरणांहून अधिक दाब असतो. इंजिन चालू असताना तिथली गळती बोटाने चाचपू नये. ती धार कातडीत शिरते, जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाले तर दुखत नसले तरी लगेच इस्पितळ गाठावे. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नये, खाली ठोकळे किंवा स्टँड लावावेत. आणि सांडलेले डिझेल रस्त्याकडेच्या गटारात ढकलू नये. वेस्टमीडच्या रस्त्यांवरचे पावसाचे पाणी शेवटी पॅरामॅटा नदीत जाते. जुने डिझेल आणि फिल्टर डब्यात भरून कौन्सिलच्या संकलन केंद्रावर द्यावेत.

स्प्रिंगवूडचे काम त्याने वेळेत पुरे केले. गणपतीला मंडळाच्या सजावटीचे सामान त्याच यूटमधून आले. उतरवून झाल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, कामावरच्या एका मित्राची गाडी काळा धूर सोडतेय. मी म्हटलं, आधी एअर फिल्टर काढून विजेरी लाव."

"आणि पार्ट एका वेळी किती बदलायचे?"

"एकच," तो हसून म्हणाला. "आणि आकडे वहीत."

साताऱ्याच्या मिस्त्रींना हे ऐकायला मिळाले असते तर त्यांनी नेहमीप्रमाणे फक्त मान हलवली असती आणि चहा सांगितला असता.